रोज पुसली जाणारी बायको

नवा लॅपटॉप घरात आला तेव्हा निरीक्षकसाहेबांनी तो आधी काट्यावर ठेवला. खोक्यावर छापलेल्या वजनापेक्षा तो किंचित जास्तच भरला, तेव्हा कुठे त्यांनी तो आणणाऱ्या जावयाला "बसा" म्हटलं. वजनमापे निरीक्षक म्हणून त्यांची सारी हयात दुकानदारांचे काटे, मापं आणि मोजपट्ट्या तपासण्यात गेली होती. निवृत्त होऊन बरेच दिवस झाले होते, पण घरात येणारी प्रत्येक वस्तू निर्दोष ठरेपर्यंत आरोपी, हा खाक्या काही सुटला नव्हता.

जावई संगणकातला माणूस. सासऱ्यांचं त्याच्याबद्दलचं मत वाईट नव्हतं, पण चांगलं म्हणण्याइतका पुरावाही त्यांना अजून मिळाला नव्हता. "दिवसभर काम करतो म्हणतो, पण झालेलं काम कुठं दिसत नाही," असं ते लेकीजवळ अधूनमधून बोलून दाखवत. आता त्यांचा जुना संगणक एके दिवशी धूर सोडून कायमचा गप्प झाल्यामुळे जावयाला मत बदलून घ्यायची संधी मिळाली होती, म्हणून तो उत्साहात होता.

लॅपटॉप चालू झाला आणि पाच मिनिटांत नापास झाला.

"माझं वाळूचं घड्याळ कुठं गेलं?"

"बाबा, ते जुन्या सिस्टिममध्ये होतं. ही नवी आहे. खूप फास्ट आहे."

"फास्ट कशाला? मला कुठं जायचंय? आणि माझे पत्ते?"

"पत्त्यांचे नवे खेळ टाकून देतो ना."

"नवे नकोत. माझे पाहिजेत. आणि हे अक्षर असं लुकडं का दिसतंय? माझं टायपिंगचं पान कुठंय?"

जावयाने हार मानली नाही. त्याने लॅपटॉप घरी नेला आणि एक युक्ती केली. नव्या सिस्टिमच्या पोटात त्याने सासऱ्यांची जुनी ऑपरेटिंग सिस्टिम बसवून दिली. म्हणजे एका संगणकाच्या आत दुसरा संगणक, घरात घर करून राहणाऱ्या पाहुण्यासारखा. लॅपटॉप उघडला की आतला जुना आपोआप चालू व्हायचा आणि सगळा पडदा व्यापून टाकायचा. बाहेरच्या नव्याचा मागमूसही दिसायचा नाही. तेच वाळूचं घड्याळ, तेच पत्ते, तेच टायपिंगचं पान. "आता कसं!" म्हणून निरीक्षकांनी मांडीवर थाप मारली.

त्या व्यवस्थेत जावयाने आणखी एक खुबी केली होती, आणि पुढचं सगळं रामायण तिच्यामुळे घडलं. जुन्या संगणकाला रोग जडले होते ते सासऱ्यांच्या सवयीमुळे. कुठलीही संशयास्पद ईमेल आली की ते ती उघडून तपासायचे, कारण संशयास्पद दिसलं की उघडायचं हा त्यांच्या खात्याचा नियम होता. म्हणून जावयाने आतल्या सिस्टिमला अशी सेटिंग करून ठेवली, की ती बंद केली की दिवसभरात जे काही झालं असेल ते सगळं विसरायची आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवसासारखी कोरी करकरीत उठायची. रोग लागलाच तर रात्रीपर्यंत.

"काही जपून ठेवायचं असेल तर मात्र बाहेरच्या फोल्डरमध्ये ठेवा हं बाबा. आत ठेवलेलं राहणार नाही," हे त्याने दारात बूट घालता घालता सांगितलं. निरीक्षकांचा तेव्हा पत्त्यांचा डाव रंगला होता. ते "हो हो" म्हणाले. घरातली वस्तू कुणी बाहेर ठेवतं का, असा एक विचार त्यांच्या मनात येऊन गेला, पण लाल राणी सापडल्यामुळे तो तिथेच राहिला.

पत्त्यांपुरतं असतं तर काही बिघडलं नसतं. पण खात्यातल्या निवृत्तांच्या संघटनेचा वार्षिक अंक निघायचा होता आणि यंदाचा विषय होता 'माझी सहचारिणी'. संपादक झालेल्या जुन्या सहकाऱ्याने फोनवर बजावलं होतं, "आठवड्याभरात लेख पाहिजे. नाहीतर तुझी जागा 'अर्धा किलो'ला देईन." 'अर्धा किलो' हे त्यांच्या हाताखाली काम केलेल्या एका बुटक्या निरीक्षकाचं खात्यातलं नाव. तो आपल्या बायकोबद्दल पानभर लिहिणार आणि आपण गप्प बसणार, हे निरीक्षकांना शक्यच नव्हतं.

त्यांची सहचारिणी म्हणजे बाई. बाहेरच्या खोलीत शिवणवर्ग चालवायच्या, त्यामुळे शिकायला येणाऱ्या आणि न येणाऱ्या सगळ्यांच्याच त्या बाई. गळ्यात मापाची टेप, बोटांना खडू आणि जिभेला कात्री. त्या वर्गावर असताना निरीक्षकांनी आतल्या खोलीत बसून एका बैठकीत लेख लिहून काढला. पहिलंच वाक्य होतं, 'माझी पत्नी स्वभावाने हट्टी व भांडखोर आहे.' पुढे तपासणी अहवालाच्या चालीवर एकेक मुद्दा. ती 'माझं चुकलं' असं कधी म्हणत नाही. मी टेबलावर काहीही ठेवलं तरी दुसऱ्या दिवशी ते तिच्या मते जिथं असायला हवं तिथं जाऊन बसलेलं असतं. लिहून झाल्यावर त्यांनी तो दोनदा वाचला, सेव्ह केला, आणि समाधानाने लॅपटॉप बंद केला.

दुसऱ्या दिवशी लेख नव्हता.

त्यांनी इकडे शोधला, तिकडे शोधला. मग त्यांची नजर पडद्यावर स्थिर झाली आणि भुवया वर गेल्या. काल त्यांनी कचऱ्याचा डबा सोयीसाठी पडद्याच्या मधोमध आणून ठेवला होता. तो पुन्हा कोपऱ्यात गेला होता. बाकीची चित्रं ऐसपैस पसरली होती, ती शिस्तीत एका रांगेत उभी होती. या घरात पसारा आवरून जिन्नस जागच्या जागी लावणारी व्यक्ती एकच होती. निरीक्षक खुर्चीत मागे रेलले. गुन्हा झाला होता आणि गुन्हेगाराची सही जागोजाग दिसत होती.

दुसरा कुणी असता तर त्याने उठून बायकोला विचारलं असतं. पण संशयिताला कधी विचारायचं नाही, फक्त लक्ष ठेवायचं, ही निरीक्षकांची शिस्त. जेवताना ते सहज म्हणाले, "आज काही विशेष वाचलंस का?"

"मला वाचायला वेळ कुठला? दोघींनी बाह्या उलट्या लावून ठेवल्यात," बाई म्हणाल्या आणि पातेलं घासायला घेतलं. निरीक्षकांना ते घासणं नेहमीपेक्षा जोरात वाटलं. झोंबलेलं दिसतंय, असं त्यांनी मनाशी नोंदवून ठेवलं.

त्या दिवशी त्यांनी लेख पुन्हा लिहिला. पहिलं वाक्य थोडं मवाळ केलं. 'माझी पत्नी ठाम मतांची व थोडीशी भांडखोर आहे.' सकाळी तेही साफ. मग 'भांडखोर' गेलं आणि 'स्पष्टवक्ती' आलं. तेही गेलं. 'स्पष्टवक्ती पण प्रेमळ' गेलं. 'प्रेमळ' एकटं ठेवून पाहिलं, तरी गेलं. इतकंच काय, पत्त्यांच्या डावातले त्यांचे विक्रमसुद्धा तिने शिल्लक ठेवले नव्हते. निरीक्षक थक्क झाले. एवढा राग? म्हणजे बाईंच्या मनात नक्की आहे तरी काय?

मग त्यांनी सील मारायचं ठरवलं. निवृत्त होताना सहकाऱ्यांनी त्यांना त्यांचीच सील मारायची पक्कड भेट दिली होती, तारेच्या आणि शिशाच्या गोळ्यांच्या पाकिटासकट. लॅपटॉप पिशवीत घालून त्यांनी चेनच्या दोन्ही टोकांतून तार ओवली आणि कटकन गोळी दाबली. सकाळी सील शाबूत होतं. पिशवी उघडली, लॅपटॉप लावला. लेख गायब, कचऱ्याचा डबा कोपऱ्यात, चित्रं रांगेत. उभ्या नोकरीत त्यांचं सील न तोडता मालाला हात लावणारा माणूस त्यांना भेटला नव्हता. आणि अशी बाई इतकी वर्षं त्यांच्याच घरात राहत होती. त्यांना भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटला.

आता पुराव्याचा नाद सोडून त्यांनी आरोपीला खूश करायचं ठरवलं. त्यांनी चहा केला. कापडाचे तागे उचलून दिले. बाई म्हणाल्या, खिडकीचा पडदा डावीकडे सरकवायला हवा, तर ते म्हणाले, "तुझं बरोबर आहे." बाईंच्या हातून टाचण्यांची डबी सांडली.

त्यांनी वर्ग अर्धा सोडून लेकीला फोन लावला.

"अगं, तुझ्या बाबांचं काही खरं नाही."

"का? काय झालं?"

"मला म्हणाले, तुझं बरोबर आहे."

"बाबा म्हणाले?"

"दोनदा. शिवाय चहा केला."

"कसा झाला होता?"

"चहाचं जाऊ दे गं! माणूस असा एकाएकी बदलला की काळजात चर्र होतं. डॉक्टरांनी काहीतरी सांगितलंय आणि ते माझ्यापासून लपवताहेत. एकटेच खोलीत बसतात, मी आत गेले की लॅपटॉप मिटतात. माझ्याकडे असं बघतात, जसं काही..." कात्री लावावी तसा बाईंनी फोन बंद केला आणि पदराने डोळे टिपले.

संध्याकाळी जावई हजर झाला. लॅपटॉप कसा चालतोय ते बघायला आलो, असं त्याने दारातच सांगून टाकलं. निरीक्षकांनी त्याला आत घेतलं, दार लोटलं आणि सील लावलेली पिशवी त्याच्यापुढे ठेवली.

"जावईबापू, तुम्ही घरचे म्हणून सांगतो. ही गोष्ट या खोलीबाहेर जाता कामा नये." आणि त्यांनी सगळं प्रकरण पहिल्यापासून सांगितलं. मुद्देसूद, पुराव्यांसकट.

ऐकता ऐकता जावयाची कानशिलं तापली. दारात बूट घालता घालता सांगितलेलं ते वाक्य त्याला लख्ख आठवलं. खोटं बोलावं असंही क्षणभर त्याच्या मनात आलं, पण पोरगा सरळ होता.

"बाबा, यात आईंचा काहीच संबंध नाही. हे सगळं माझ्यामुळे झालंय. मीच तशी सेटिंग करून ठेवली होती. बंद केलं की आतलं सगळं पुसलं जातं. चूक माझी आहे."

निरीक्षकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"प्रत्येक दुकानात असा एक इमानी नोकर असतो बघा. मालकाचा खोटा काटा पकडला की पुढं येतो आणि म्हणतो, साहेब, चूक माझी. मी अशांवर कधी कारवाई केली नाही. तुमच्याबद्दल माझं मत बदललं आज."

"अहो बाबा, पण खरंच..."

"पुरे. मला सगळं समजतं."

लग्न झाल्यापासून जावई ज्या क्षणाची वाट पाहत होता तो क्षण असा आला. खरं बोलूनही खोटा ठरला म्हणून त्याची सासऱ्यांच्या मनात किंमत वाढली होती.

"मला आधी राग आला होता," निरीक्षक खाली बघत म्हणाले. "आता नाही येत. मी तिच्याबद्दल काहीही लिहिलं तरी तिला ते ठेववत नाही, म्हणजे ती किती दुखावलेली असेल? इतकी वर्षं ती सुखात आहे असं मी धरून चाललो. गावभर तपासण्या केल्या. हे मात्र कधी तपासलं नाही."

जावयाला आता भरून आलं. त्याने निमूटपणे लॅपटॉप पुढे ओढला, ती सेटिंग शोधून काढली आणि बदलली. आता आत ठेवलेलं आतच राहणार होतं. "बाबा, आज लिहा. आज नाही पुसलं जाणार," तो म्हणाला.

"तिच्याशी बोलणार तुम्ही?"

"तसंच समजा," जावई म्हणाला, आणि पुढचा प्रश्न यायच्या आत निघाला. जाता जाता सासूबाईंनाही त्याने सांगितलं, की काळजी करू नका, आजारबिजार काही नाही. पण ते तो इतकं घाईत आणि नजर चुकवून बोलला, की बाईंची उरलीसुरली शंका फिटली. नवऱ्याचं दुखणं जावयालासुद्धा कळलंय, आपल्यालाच तेवढं सांगत नाहीत, असं त्यांनी ठरवलं.

निरीक्षकांनी शेवटचा लेख हातचं राखून न ठेवता लिहिला. सकाळी त्यांनी लॅपटॉप उघडला. लेख होता! कचऱ्याचा डबा मधोमध होता! चित्रं त्यांनी टाकली तशी अस्ताव्यस्त पडली होती. माफी मिळाली होती. संपादकाला लेख द्यायचा तो शेवटचाच दिवस होता, पण त्याआधी हिशेब मिटवायला हवा होता. त्यांनी बाईंना आत बोलावलं.

बाई गळ्यात टेप घेऊन आल्या आणि खुर्चीत ताठ बसल्या. "सांगा. काय असेल ते एकदाचं सांगून टाका. मी खंबीर आहे."

"आता सांगायचं काय राहिलं? तू मंजूर केलंस यात सगळं आलं."

"काय मंजूर केलं?"

"हे." निरीक्षकांनी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. बाईंनी चष्मा चढवला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"'माझी पत्नी शांत, मृदुभाषी व क्षमाशील असून, तिच्या तोंडून आजवर कुणालाही उणा शब्द...'" बाई थांबल्या. "कोण हो ही?"

"तू."

"मी?" बाईंनी पुढच्या दोन ओळी मनात वाचल्या आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. "अहो, असं माणूस गेल्यावर लिहितात! म्हणजे तुम्हाला काही नाही झालेलं. मला झालंय! डॉक्टर माझ्याबद्दल काय म्हणाले?"

"कसला डॉक्टर?"

"मग हे 'तिची सावली लाभली हे माझे भाग्य' काय आहे? आणि तो चहा? आणि ते 'तुझं बरोबर आहे'?"

शेवटी निरीक्षकांना सगळं कबूल करावं लागलं. पहिला लेख, त्यातलं पहिलं वाक्य, रोजचं पुसलं जाणं, सील. बाई ऐकत राहिल्या. त्यांचा रंग हळूहळू परत आला, आणि मग गरजेपेक्षा जास्त आला.

"म्हणजे तुम्ही लिहिलंत, की मी भांडखोर आहे."

"हो."

"आणि तुम्हाला वाटलं, मी ते वाचलं आणि तुम्हाला एका शब्दाने काही न बोलता चोरून पुसून टाकलं. रोज."

"हो."

"भांडखोर बाई असं करेल?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत निरीक्षकांच्या तपासणीतली एवढी मोठी चूक कुणी काढली नव्हती.

"मी ते वाचलं असतं तर तो लॅपटॉप उचलून तुमच्यासमोर आपटला असता, आणि विचारलं असतं, हट्टी कोण? मी, की भाजीच्या जुडीलाही काट्यावर चढवणारा माणूस? एवढंही ओळखत नाही तुम्ही मला?" बाईंना खरंच लागलं होतं. "या तुमच्या मृदुभाषी बाईत मी कुठंच नाही. तुम्ही दुसऱ्याच कुणाबरोबर संसार केल्यासारखं वाटतंय."

"तू सुखी नाहीस असं वाटलं मला. म्हणून..."

"भांडत होते ना मी रोज? मग? मी गप्प बसले असते तर काळजी करायची." त्यांनी नाक पुसलं. "पहिल्या लेखात अजून काय होतं?"

निरीक्षकांनी घसा साफ केला. "शेवटी लिहिलं होतं... 'मी आयुष्यभर लोकांची मापं तपासली. माझं माप मात्र हिनेच रोज तपासलं, म्हणून मी खोटा निघालो नाही.'"

खिडकीबाहेर पाहत बाईंनी गळ्यातली टेप काढली, बोटाला गुंडाळली, पुन्हा सोडली. बाहेरच्या खोलीत वर्गाच्या बायका जमल्याचा आवाज येत होता.

"हे पुसायला कुठं दाबायचं?" त्यांनी एकदम विचारलं.

निरीक्षकांनी सगळा लेख निवडून बटण दाखवलं. बाईंनी खडूचं बोट त्यावर ठेवलं आणि दाबलं. मृदुभाषी पत्नी क्षमाशीलतेसकट नाहीशी झाली.

"बाई, आम्ही आलो!" बाहेरून हाक आली.

"बसा गं जरा, आमचं भांडण चाललंय!" बाईंनी ओरडून सांगितलं आणि नवऱ्याकडे वळल्या. "हं. लिहा पहिल्यासारखं. मी इथंच बसते."

निरीक्षकांनी कोरं पान उघडलं आणि एकेक अक्षर दाबत लिहिलं, 'माझी पत्नी स्वभावाने हट्टी व भांडखोर आहे.'

बाईंनी चष्मा सावरून ते वाचलं. "भांडखोरच्या आधी 'अत्यंत' घाला."

"नाही घालणार," निरीक्षक म्हणाले. "लेख माझा आहे."

बाईंनी खुर्ची आणखी जवळ ओढली.